कॅमेऱ्याला कान असतात का?



संयोजकांनी आम्हाला बोलावलं तेव्हा एकच अट घातली होती. शुक्रवारची संध्याकाळ आहे, लोकांची सुट्टी सुरू होत असते, तेव्हा जड काही नको. गाणी दाखवा, व्हिडिओ दाखवा, मधे मधे थोडं बोला. आम्ही हो म्हणालो. पण बोलायला मिळालं की आम्ही 'थोडं'वर थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. (हशा)

'आम्ही' म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. आम्ही पाच-सहा जण आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेला, एक शाळेत शिकवणारी, एक जण ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातला, असे. गेली बरीच वर्षं शुक्रवारी रात्री जेवणं आटोपून कोणाच्या तरी घरी जमतो. एक टीव्ही, दोन बऱ्यापैकी स्पीकर. प्रत्येकाने एक चीज आणायची: एखादा म्युझिक व्हिडिओ, नाहीतर एखाद्या मैफलीचं, कॉन्सर्टचं चित्रीकरण. नियम दोनच. चालू असताना बोलायचं नाही, आणि संपल्यावर 'छान होतं' एवढ्यावर सुटका नाही. भांडण झालंच पाहिजे. त्या भांडणांतून जे उरलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय. सगळ्यांच्या वतीने एक जण बोलतोय म्हणून 'आम्ही'. संपादकीयातला मोठेपणाचा 'आम्ही' नव्हे.

तर सुरुवात एका तक्रारीपासून करतो.

मागे एका हिवाळ्यात आमच्यापैकी दोघं एका संगीत सभेला गेलो होतो. गाव, संस्था, गायिका, कोणाचंच नाव नको. विलंबित ख्याल रंगला होता. एक लांबलचक तान वरून निघाली, मधल्या षड्जापाशी जरा अडखळल्यासारखी झाली, आता ही समेवर पोचते की नाही असं वाटलं, आणि अशी काही येऊन पडली समेवर की आख्खं सभागृह एकदम 'अरे!' म्हणालं. तबलजीने हसून मान डोलावली, बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांनी त्या मैफलीचं चित्रीकरण इंटरनेटवर आलं. आम्ही शुक्रवारी सगळ्यांना मुद्दाम जमवलं, म्हटलं आता बघा ही तान. तान निघाली. मधल्या षड्जापाशी आली. आणि नेमकी सम पडायच्या वेळी कॅमेरा गेला पहिल्या रांगेत. प्रमुख पाहुणे शाल सारखी करत होते. (मोठा हशा)

हसू येतं खरं. त्या रात्री आम्हीही हसलो. पण नंतर आमच्यातली शिक्षिका म्हणाली की ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती तान त्या दिवशी एकदाच झाली. सभागृहात जे चार-पाचशे लोक होते ते हळूहळू विसरतील, म्हातारे होतील. उरणार आहे ते हे चित्रीकरण. वीस वर्षांनी एखादी मुलगी या गायिकेचं गाणं शिकायला बसेल तेव्हा तिला ती नजर दिसणारच नाही, गायिका आणि तबलजी यांच्यात जे झालं ते दिसणार नाही. तिला शाल दिसेल.

तेव्हापासून आमच्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. गाणं चालू असताना कॅमेरा काय करतो? तो ऐकतो, की नुसता बघतो? आज जे दाखवणार आहोत ते या प्रश्नासाठी निवडलेलं आहे. त्यातलं बरंचसं इंग्रजी आहे, याबद्दल आमच्यावर आधीच एकदा ओरडा झालाय. कारण साधं आहे. गाण्याचं चित्रीकरण हा धंदा आणि ही कला त्यांच्याकडे फार लवकर शिगेला पोचली. चुकाही त्यांनी आधी केल्या, आणि त्या चुकांवरचे उपायही.

इतिहास दोन मिनिटांत उरकतो. १९७५ साली क्वीन या बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यासाठी एल्स्ट्री स्टुडिओत चारेक तासांत एक छोटी फिल्म चित्रित केली. ब्रूस गावर्स दिग्दर्शक. एक कारण असं की टीव्हीच्या कार्यक्रमात उभं राहून तसलं गुंतागुंतीचं, आवाजावर आवाज चढवलेलं गाणं नुसते ओठ हलवून 'गाणं' त्यांना हास्यास्पद वाटत होतं. म्हणजे बघा, म्युझिक व्हिडिओ हा प्रकार लोकप्रिय झाला तो अंशतः खोटं गायची लाज वाटली म्हणून! मग १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, पहिलाच व्हिडिओ लावला तो बगल्स या जोडीचा, आणि त्या गाण्याचा विषय काय, तर व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा जीव घेतला. इथून पुढे दहा-पंधरा वर्षं गाणं ऐकायला मिळण्याआधी बघायला मिळू लागलं. आपल्याकडे ही लाट पोचायला १९९५ उजाडावं लागलं, अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', केन घोषने केलेला व्हिडिओ, लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण. ज्यांना आठवतंय त्यांनी हात वर करायची गरज नाही, चेहऱ्यावर दिसतंय. (हशा)

आता पहिली चीज. हिचे दोन भाग आहेत, आणि ते एकापाठोपाठ एक बघायचे.

पहिला भाग, क्वीनचाच 'रेडिओ गा गा' हा १९८४चा व्हिडिओ. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. गाणं ड्रमर रॉजर टेलरने लिहिलेलं. रेडिओवरच्या जुन्या प्रेमाचं गाणं, टीव्हीने रेडिओला बाजूला सारलं त्याची खंत. आणि ही खंत सांगायला त्यांनी काय केलं, तर टीव्हीसाठी खर्चिक व्हिडिओ केला! त्यात फ्रिट्झ लांगच्या १९२७च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटातली दृश्यं वापरलीत. जमिनीखाली यंत्रांवर राबणारे कामगार, वर चकचकीत शहर. आणि ध्रुवपद आलं की पांढऱ्या कपड्यांतला एक मोठा जमाव, सगळ्यांचे चेहरे बँडकडे, हात डोक्यावर नेऊन एकदम दोन टाळ्या वाजवतो. पुन्हा दोन टाळ्या. यंत्रासारखा.

आम्हाला हा व्हिडिओ आवडतो का? अर्धा. तो देखणा आहे, पण त्यात एक बर्फासारखा थंडपणा आहे. त्या टाळ्यांकडे बघून काहींना हुकूमशहाची सभा आठवते, आणि ते आठवणं अगदी चुकीचं नाही. कामगारांची गर्दी, रांगा, एकसाथ उचललेले हात, दुसरं काय आठवणार?

आता दुसरा भाग. १३ जुलै १९८५, शनिवार. लंडनचं वेम्बली स्टेडियम. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी घडवून आणलेली 'लाइव्ह एड' ही कॉन्सर्ट. लंडन आणि फिलाडेल्फिया या दोन्ही ठिकाणांहून उपग्रहाद्वारे जगभर दाखवलेली. वेम्बलीत सुमारे ७२ हजार लोक. क्वीनच्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटं, संध्याकाळची पावणेसातच्या आधीची वेळ, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात लख्ख उजेड. रंगीत दिव्यांचा काही उपयोग नाही, धुराचा नाही. जीन्स, पांढरं बनियन आणि हातात अर्धा तुटका माइक-स्टँड घेतलेला फ्रेडी मर्क्युरी. आणि एक महत्त्वाची गोष्ट: ही गर्दी क्वीनची नव्हती. बरीच तिकिटं त्यांचं नाव जाहीर व्हायच्या आधीच विकली गेली होती.

पियानोवर एका गाण्याचा तुकडा झाला, आणि मग 'रेडिओ गा गा'. ध्रुवपद आलं. कॅमेरा मंचावरून प्रेक्षकांकडे वळतो, आणि ती ७२ हजारांची गर्दी हात डोक्यावर नेऊन दोन टाळ्या वाजवते. पुन्हा दोन.

कोणी शिकवल्या त्यांना? व्हिडिओने. दीडेक वर्ष आधी घरी, दिवाणखान्यात, टीव्हीपुढे बसून बघितलेली खूण त्यांच्या अंगात जाऊन बसली होती. तिथे ती गुलामांची खूण होती, इथे ती आनंदाची झाली. हालचाल तीच, अगदी तीच. फरक कशाने पडला? आमच्यातला बँकवाला म्हणतो, उजेडामुळे. लोकांना एकमेकांचे चेहरे दिसत होते. आमचा ध्वनिमुद्रक म्हणतो, टाळ्या नीट ऐका, त्या एकसाथ नाहीयेत. आणि त्याचं खरंय. एवढ्या मोठ्या मैदानात मागच्या टोकापर्यंत आवाज पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे मागचे लोक कणभर उशिरा वाजवतात. व्हिडिओतल्या टाळीला धार आहे, वेम्बलीतल्या टाळीला लाट आहे. आमचं मत त्याच्या बाजूने झुकतं. एक जण टाळी देत असेल तर ती आज्ञा वाटते. हजारो जण आपापल्या जागेवरून, आपापल्या क्षणी वाजवतात तेव्हा तिच्यात माणसं येतात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्या दिवशी बीबीसीच्या लोकांना फारसं सुचवून ठेवायला वेळच नव्हता, एकामागून एक बँड येत होते. तरी एक बघा. मर्क्युरी मंचावरच्या कॅमेरामनला टाळत नाही, त्याच्याशी खेळतो. गिटारचा भाग चालू असताना त्याच्या अंगावर धावून जातो, त्याच्यासमोर नाचतो. त्याला कळलंय की मैदानातल्या ७२ हजारांखेरीज बाकीचं जग या एका भिंगामागे बसलंय. आपल्याकडचे जुने कीर्तनकार मधेच एखाद्या झोपाळू श्रोत्याचं नाव घेऊन त्याला जागं करायचे, त्यातला प्रकार.

आणि हो, हा माणूस पाचगणीत शिकलेला. जन्माने फारूख बलसारा, झांझिबारचा पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहिला, तिथेच पियानो शिकला, तिथेच 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवायला लागला. यावरून तो 'आपला' होतो असं काही आमचं म्हणणं नाही. त्याने स्वतःही त्या दिवसांचा फार गाजावाजा केला नाही. पण महाबळेश्वरला जाताना पाचगणीत स्ट्रॉबेरी खायला थांबाल तेव्हा डोक्यात असू द्या.

दुसरी चीज, आणि आज आम्हाला एकच दाखवायची परवानगी असती तर हीच दाखवली असती. 'स्टॉप मेकिंग सेन्स'. टॉकिंग हेड्स या बँडची फिल्म, १९८३च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात काही रात्री चित्रित केलेली, १९८४ला प्रदर्शित झालेली. दिग्दर्शक जोनाथन डेमी, ज्याने पुढे 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' केला. कॅमेऱ्यावर जॉर्डन क्रोनेनवेथ, 'ब्लेड रनर' चित्रित करणारा.

सुरुवात कशी होते बघा. रिकामा मंच. रिकामा म्हणजे खरोखर रिकामा, मागची भिंत, शिड्या, सगळं उघडं. पांढरे बूट घातलेले दोन पाय चालत येतात. एक टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला जातो. गायक डेव्हिड बर्न सांगतो की एक टेप ऐकवायचीय, बटण दाबतो, ठेका सुरू, आणि गिटार घेऊन तो एकटाच 'सायको किलर' गातो. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बास घेऊन येते. दोघंच. तिसऱ्याच्या आधी काळ्या कपड्यांतली माणसं ड्रमचा ओटा ढकलत आणतात, आपल्या डोळ्यांदेखत. ड्रमर ख्रिस फ्रांट्झ येतो. मग जेरी हॅरिसन. मग गायिका, तालवाद्यं, कीबोर्ड, आणखी एक गिटार. अशी माणसं वाढत वाढत नऊ जणांचा संच होतो आणि मंच भरून वाहायला लागतो.

हे बघताना आम्हाला पहिल्यांदा काय आठवलं असेल? तमाशा. आधी ढोलकी-हलगी वाजते, मग गण, मग गौळण, एकेक पात्र येत जातं, आणि कोणी कुठून आलं हे लपवायची कोणाला गरज वाटत नाही. 'घाशीराम कोतवाल' ज्यांनी पाहिलंय त्यांना माणसांचा पडदा आठवेल. जी गोष्ट लपवायची असते तीच इथे दाखवण्याची वस्तू झालीय. किंवा ख्यालगायकी घ्या. तानपुरे जुळतात, आ-कार लागतो, एकेक स्वर वाढत जातो, घाई नाही. बर्न आणि कंपनीने यातलं काही पाहिलं असेल असं आम्ही म्हणत नाही; त्याने जपानी नो नाटकाचं नाव घेतलेलं आहे, पुढे जो तो प्रचंड मोठा, खांद्याबाहेर गेलेला सूट घालतो त्याच्या संदर्भात. पण बढत म्हणजे काय हे एखाद्या परदेशी पाहुण्याला समजावायचं असेल तर आम्ही ही फिल्म लावू.

आता डेमीने काय केलं नाही ते सांगतो. त्याने प्रेक्षक दाखवले नाहीत. जवळजवळ शेवटच्या गाण्यापर्यंत नाहीत. टाळ्या ऐकू येतात, चेहरे दिसत नाहीत. कॉन्सर्टच्या फिल्ममध्ये प्रेक्षक हा दिग्दर्शकाचा सगळ्यात सोपा आधार असतो. गाणं लांबलं, दाखवा एक नाचणारी मुलगी. डोळे पुसणारा माणूस दाखवा. म्हणजे आपल्याला काय वाटायला हवं ते त्या चेहऱ्यावरून उतरवून घ्यायचं, शाळेत शेजारच्याच्या वहीतून उतरवल्यासारखं. डेमी ती वही बंद करून टाकतो. मग कॅमेऱ्याला दुसरं काम उरतं: वादकांकडे बघणं. आणि वादक एकमेकांकडे कसे बघतात! गिटारवाला अॅलेक्स वेअर आणि बर्न एकत्र धावतात, बासवाली ड्रमरकडे वळून हसते, कीबोर्डवाला बर्नी वॉरेल नुसती भुवई उचलतो आणि पुढचं वळण कळतं. 'वन्स इन अ लाइफटाइम' हे गाणं बराच वेळ एकाच अखंड शॉटमध्ये आहे. कॅमेरा बर्नच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर आणि थरथरणाऱ्या अंगावर नुसता थांबून राहतो. कट करायचे शंभर मोह असतील. नाही करत.

आमची ती तान आठवते? तबलजीकडे बाईंनी टाकलेली नजर? डेमीच्या हाती ती मैफल असती तर त्याने नेमकं तेच टिपलं असतं. नऊ वादकांची गडबड असूनही त्याला कळत होतं की गाणं मंचावर, माणसांच्या मधल्या जागेत घडतं.

पण थांबा. एक खोटं आहे. तो टेपरेकॉर्डर. ठेका त्यातून येतच नाही! तो येतो रोलंडच्या ८०८ या ड्रम मशीनमधून, ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाकडून. टेपरेकॉर्डर शोभेचा. आमच्यात यावरून एक शुक्रवार पूर्ण खर्ची पडला. एक पक्ष म्हणाला, झालं, सगळ्या उघडेपणावर पाणी. दुसरा म्हणाला, नाटकात खोटी तलवार चालते तर हा का नको?

तिसरी चीज त्या भांडणाला धरूनच येते. निर्वाणाचं 'एमटीव्ही अनप्लग्ड'. १८ नोव्हेंबर १९९३ला न्यूयॉर्कमध्ये चित्रित केलेलं. ज्या एमटीव्हीने जगाला ओठ हलवायला शिकवलं त्यांनीच १९८९ला हा कार्यक्रम काढला होता: वीजवाद्यं बाजूला ठेवा, साध्या गिटारवर गा. आणि इथेही गंमत अशी की कर्ट कोबेनची साधी गिटार साधी नाहीच. तिचा आवाज अॅम्प्लिफायरमधून जातोय, आणि तो अॅम्प्लिफायर समोरच्या स्पीकरसारखा दिसेल अशा खोक्यामागे दडवलाय. म्हणजे 'अनप्लग्ड' नाव, आणि प्लग लावलेला. तरीही आम्ही म्हणतो की खरं बोलणाऱ्या चित्रीकरणांत याचा नंबर फार वर आहे. का, ते शेवटच्या गाण्यात कळतं.

मंचावर लिली, मेणबत्त्या. कोबेनने मागून घेतलेल्या. गाजलेली गाणी जवळजवळ टाळलेली, दुसऱ्यांची गाणीच सहा. आणि अशा कार्यक्रमांत गाणी पुन्हा पुन्हा करून घ्यायची पद्धत असताना यांनी सगळं एका बैठकीत संपवलं. शेवटी एक जुनं अमेरिकन लोकगीत, लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने प्रसिद्ध केलेलं. गाणं हळू सुरू होतं. शेवटच्या फेरीत तो एकदम वरच्या सप्तकात जातो, आवाज फाटतो. शास्त्राप्रमाणे बेसूर म्हणाल. आमच्यातली शिक्षिका पहिल्यांदा म्हणालीच. आणि अगदी शेवटची ओळ पुरी व्हायच्या आधी तो थांबतो. श्वास घेतो. मिटलेले डोळे उघडतो. क्षणभर समोर बघतो, नेमकं कोणाकडे ते सांगता येत नाही. आणि मग ओळ पुरी करतो.

तो एक श्वास. कॅमेरा त्या वेळी चेहऱ्यावर आहे. पाहुण्यांवर नाही, मेणबत्तीवर नाही. बेथ मॅकार्थी या बाईंचं दिग्दर्शन. त्या क्षणी काय होणार हे त्यांना आधी कळायची सोयच नव्हती, कारण तालीम झाली तरी असा श्वास तालमीत ठरत नाही. चेहऱ्यावर थांबून राहायचं हे मात्र ठरवता येतं. गाणं ऐकणाऱ्याला कळतं की आता हा माणूस काहीतरी आवरतोय; बघणाऱ्याला कळेलच असं नाही. हा कार्यक्रम १६ डिसेंबरला दाखवला गेला आणि एप्रिल १९९४मध्ये कोबेन गेला. त्यामुळे लिली आणि मेणबत्त्यांवर लोकांनी नंतर पुष्कळ अर्थ लादले. आम्हाला तो मोह आवरावासा वाटतो. तो श्वास तो जिवंत असता तरी एवढाच भारी असता.

(मध्ये एका श्रोत्याने विचारलं की मग म्युझिक व्हिडिओ हा प्रकारच खोटा असं तुमचं म्हणणं आहे का.)

नाही, नाही. बरं झालं विचारलंत. त्यासाठीच पुढचा छोटा नमुना आहे. ओके गो नावाच्या बँडचा २००६चा व्हिडिओ, 'हिअर इट गोज अगेन'. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एक न हलणारा कॅमेरा, एकच अखंड शॉट. गायकाच्या बहिणीने, ट्रिश सीने नाच बसवला. गाणं स्टुडिओतलं, ओठ नुसते हलतायत, आणि तरी तीन मिनिटं आपला जीव मुठीत! कारण एकाचा पाय घसरला की सगळं पहिल्यापासून. खोटं गाणं, खरं शरीर. याला २००७मध्ये ग्रॅमी मिळालं. मुलाबाळांबरोबर बघा, आणि घरी करून बघू नका. (हशा)

याच्या उलट टोकाला अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे 'टायनी डेस्क' कार्यक्रम. २००८पासून. एका गोंगाटाच्या जागी लॉरा गिब्सन या गायिकेचं गाणं धड ऐकू आलं नाही, तेव्हा गमतीत तिला म्हटलं की आमच्या ऑफिसात टेबलापाशी येऊन गा, ती आली. मागे पुस्तकांची कपाटं, कागद, खेळणी. खोलीतल्या माणसांना ऐकू येईल एवढाच आवाज, म्हणून वादकांना हात आवरावा लागतो. यातला टी-पेनचा २०१४चा बघा. सगळी कारकीर्द ऑटो-ट्यून या यंत्राने वाकवलेल्या आवाजावर उभी, लोक म्हणायचे याला गाता येत नाही. तो एका कीबोर्डवाल्याला घेऊन बसला आणि यंत्राशिवाय गायला. सुरेख गायला. पहिल्या मिनिटात चेहऱ्यावर जे अवघडलेपण आहे ते बघण्यासारखं आहे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं.

आता आपल्याकडे परत येऊ.

१५ ऑगस्ट १९८८ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. भैरवीतलं. संगीतात लुई बँक्स यांच्याबरोबर आपले अशोक पत्की. सुरुवात भीमसेन जोशींनी. धबधब्याशेजारी बसून गाणं ध्वनिमुद्रित होत नाही हे सांगायला नको. म्हणजे पंडितजींना स्वतःच्याच आवाजावर ओठ जुळवायला लावले. ज्यांनी त्यांना मैफलीत पाहिलंय त्यांना माहितीय, तो माणूस नुसत्या गळ्याने गायचा नाही. हात, खांदे, मान, कधी कधी वाटायचं की स्वर जमिनीतून उपटून काढतायत. इथे ते शांत, नीटनेटके बसलेत. आम्हाला ते दृश्य आवडतं, लहानपणापासून आवडतं, पण ते भीमसेन जोशींचं चित्र आहे. भीमसेन जोशींचं गाणं बघायचं असेल तर मैफलीची जुनी, धूसर, रंग उडालेली चित्रीकरणं काढा. एक कॅमेरा, तोही लांब. हलत नाही, कारण हलवायला माणूस नाही. आणि त्यांत सगळं दिसतं: तानपुऱ्यावरची मुलं, पेटीवाला, तबलजीची तयारी, पंडितजींचा हात कुठे जातो ते.

यावरून आमच्यात एकमत नाही, तेही सांगतो. बँकवाल्याचं म्हणणं की एकच स्थिर कॅमेरा ठेवावा, बाकी सगळं काढून टाकावं. ध्वनिमुद्रकाला हे पटत नाही. तो म्हणतो, न हलणारा कॅमेरा ऐकत नसतो, तो फक्त मधे येत नाही. दोन्हींत फरक आहे. डेमीचे कॅमेरे हलत होते, पण संगीत कळून हलत होते. आपल्याकडे आता पाच-सहा कॅमेरे असतात, वरून ड्रोनही असतो, पण ते बदलणाऱ्या टेबलावर बसलेल्या मुलाला सम कुठे आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला मात्रा मोजता येणारा एक जण शेजारी द्या, त्याने फक्त 'आता येतेय' एवढं कानात सांगायचं. क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडू कुठे जाणार हे कळणारा माणूस बसवतातच की नाही? आम्हाला ही सूचना पटली. खर्चही फार नाही, एखादा तबल्याचा विद्यार्थी पुरेल. ज्या संस्थेच्या चित्रीकरणाची तक्रार सुरुवातीला केली त्यांना आम्ही तसं पत्र लिहिलंय. उत्तर अजून नाही.

प्रेक्षकांचं एक. हल्ली कॉन्सर्टला समोरच्याचा हात वर असतो आणि हातात फोन. वेम्बलीतही हात वर होते. पण त्यांना टाळी वाजवायला दोन्ही हात मोकळे होते.

बरं, आठ वाजत आले. आज इथे क्रम असा: आधी 'रेडिओ गा गा' व्हिडिओ, लगेच वेम्बली, मधे न थांबता. मग 'स्टॉप मेकिंग सेन्स'ची पहिली चार गाणी. पूर्ण फिल्म तासभराहून जास्त आहे, ती उद्या रात्री घरी बघा, आवाज मोठा ठेवून, शेजाऱ्यांना आधी सांगून. निर्वाणा रविवारी, एकट्याने. ट्रेडमिल आणि टायनी डेस्क मधल्या चहाला. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत आणि हे स्पीकर मागे नीट पोचत नाहीत. दिवे घालवा, कोणीतरी ते दारही लोटून घ्या.